अधिक महिना धरायचा नाही

मुलुंड (पूर्व),
६ मे १९८८

रा. रा. सीतारामराव परब यांस, दत्ताराम राऊळचा नमस्कार.

तुम्ही परत पाठवलेली आंब्याची पेटी नेमकी कितीला पडली ते आधी सांगतो. पाच डझन देवगड हापूस, एकेक फळ मी माझ्या हाताने हुंगून घेतलेलं. रिक्षाने घाटकोपरला गेलं, रिक्षाने परत आलं. जाताना कच्चं होतं, तुमच्या दाराबाहेर दोन दिवस पडून पिकलं, आणि मुलुंडला पोचेपर्यंत दीड डझन नासलं. ते पैसे मी धरत नाही. पेटी आमच्या सौ. सुगंधाने उघडली, आणि पुढचे तीन दिवस माझ्या ताटातली आमटी अळणी होती. मागितलं तर मीठ मिळालं, पण मागावं लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. एवढी पडली पेटी.

पेटीवर ठेवलेलं कार्ड मिळालं. तीन ओळी. "चार माणसांत बोललात, चार माणसांत शब्द मागे घ्या. तोवर नंदकुमार तुमच्या उंबऱ्याला शिवणार नाही. आंबे परत." युनियनच्या बोर्डावर लिहायचात तसंच लिहिलंय, फक्त खाली शिक्का नाही.

जावईबापूंचं मला नवल वाटतं. ट्रॉम्बेला नोकरी करतात. तिथे अणू फोडतात म्हणे. पण बापाचा शब्द मोडायची वेळ आली की हात थरथरतात.

तुमचा समज असा दिसतो की नवरा येत नाही म्हणून माझी पोर इथे खिडकीत बसून डोळे गाळतेय. सून तुमची असेल, मुलगी माझी आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं ही रीत तुमच्या कार्डाहून जुनी आहे. तर ती इथे कशी राहते ते ऐका.

सकाळी आठला उठते. तुमच्याकडे पाचला नळ येतो म्हणून उठायची, ते संपलं. गॅलरीत वेताची खुर्ची, खुर्चीपुढे पत्र्याचा टब, टबात माठातलं पाणी, पाण्यात पाय. पायांना जरा सूज आहे, त्यावर हा तिचा स्वतःचा इलाज. तिथे बसून ती खालच्या भाजीवालीशी भाव करते आणि टोपली दोरीने वर ओढून घेते. काल टोपलीतून ताडगोळे आले. अकरा खाल्ले. मी मोजत नव्हतो, साली पडलेल्या दिसल्या. दुपारी कैरी, तिखटमीठ लावून, ओठ लाल होईपर्यंत. "हे खाऊ नये, ते खाऊ नये" अशी विहीणबाईंनी पाठवलेली यादी आम्ही लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधली आहे. कागद चांगला जाड आहे.

बाळाचं तोंड पहिल्यांदा दत्ताराम राऊळ बघेल. मग घाटकोपरने रांग लावावी. नर्सिंग होममध्ये एक जुलैपासून वेगळी खोली सांगून ठेवली आहे, पंखा आणि गॅलरीसकट.

लोभ नसला तरी चालेल.

दत्ताराम राऊळ


१२ मे १९८८

श्री. परब,

सहा दिवस झाले, उत्तर नाही. पण तुम्ही काय बोलता ते मला इथे बसून कळतं. काल सुगंधा शेजारच्या द्रौपदीताईंना स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होती, की राऊळ माजला असं तुम्ही चाळीत म्हणता. स्वयंपाकघर आणि माझी खुर्ची यांत दोन भिंती आहेत. माझ्या शेडमध्ये बेअरिंग जायच्या तीन दिवस आधी मला ऐकू येतं. पोरं हसतात, तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं की गप्प होतात. सतरा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो, मग मरोळला स्वतःची शेड घेतली, ती या कानांच्या जिवावर.

तर त्या रविवारचं लेखी होऊन जाऊ दे. या पत्राची प्रत माझ्याकडे राहील.

पाडव्यानंतरचा रविवार. आमच्या गच्चीवर नलिनीचं डोहाळजेवण. चाळीस माणसं. झोपाळ्याला मोगऱ्याच्या माळा मी स्वतः दादरहून आणल्या आणि स्वतः बांधल्या. बांधून झाल्यावर दोन मिनिटं झोपाळ्यावर टेकलो, एवढाच माझा गुन्हा. तुम्ही तेव्हा विहीणबाईंबरोबर जिना चढत होता. म्हणालात, "लेथवरचो माणूस झोपाळ्यार बसलो तरी वास तेलाचोच येतलो." विहीणबाई हसल्या. मी ऐकलं.

तुम्ही वर आलात. मी उठलो, नमस्कार केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तेलाचा वास कामाला येतो, व्याहीबुवा. सहा वर्षं घरी बसलेल्या माणसाला कसलाच वास येत नाही."

यात खोटं काय? ब्याऐंशीच्या संपात तुमची मिल गेली, ती परत उघडली नाही. मी घडलेली गोष्ट सांगितली. तुम्ही न जेवता गेलात. तुमच्यामागे नंदकुमार गेला, बायकोच्या ओटीतला नारळ अजून तिच्या मांडीवर होता. आणि आता म्हणता शब्द मागे घ्या. मी धंदेवाला माणूस आहे. गेलेला माल परत घेतो, शब्द नाही.

नलिनी मजेत आहे. काल संध्याकाळी कलिंगड आणलं. तिने अर्धं कापून चमच्याने खाल्लं, उरलेलं पोटावर ठेवून बसली. म्हणाली, "बाबा, गार लागतंय त्यालाही." आतून लाथ बसली तसं कलिंगड हललं. आम्ही दोघं अशी हसलो की द्रौपदीताई बघायला आल्या. तुमच्या घरात कलिंगड पोटावर ठेवू दिलं असतं का, हा माझा साधा प्रश्न आहे.

दत्ताराम राऊळ


१९ मे १९८८

व्याहीबुवा,

तुम्ही लिहिलं नाही तरी विहीणबाईंनी सुगंधाला पत्र लिहिलं. ते टेबलावर होतं, मी वाचलं. वाचून मन प्रसन्न झालं, म्हणून पुन्हा हे लिहायला बसलो.

विहीणबाई लिहितात, परवापासून अधिक ज्येष्ठ लागला, तर अधिक धरून नलिनीचे नऊ महिने नऊ दिवस या अधिकातच भरतात, वद्य पक्षात. तेव्हा पुरुषांची भांडणं पुरुषांकडे ठेवा आणि नंदकुमारला लवकर घरात घ्या.

आता मला सांगा. अधिक महिन्यात लग्न लावत नाहीत, मुंज करत नाहीत, नव्या घरात पाऊल टाकत नाहीत. मलमास म्हणतात त्याला. जो महिना कशालाच धरत नाहीत, तो पोटातल्या पोरानेच का धरावा? अधिक धरायचा नाही. चैत्र, वैशाख, मग सरळ निज ज्येष्ठ. म्हणजे दिवस भरतात जुलैच्या सुरुवातीला, आणि मी खोली सांगितली आहे एक जुलैपासून. माझं गणित पक्कं आहे. मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला माल तारखेनंतर दिलेला नाही.

सुगंधा म्हणाली, "अहो, त्यांनी पाच पोरं वाढवली आहेत, त्यांना कळत असेल की."

मी म्हटलं, "पाच पोरं वाढवली म्हणून पंचांग वाचता येत नाही."

त्यावर द्रौपदीताई बोलल्या. त्या म्युनिसिपालटीच्या प्रसूतिगृहात नर्स आहेत, आमच्याकडे रोज संध्याकाळी चहाला येतात. म्हणाल्या, "दादा, पंचांग मलाही वाचता येत नाही, बाळालाही येत नाही. पोट खाली उतरलंय तिचं." मी म्हटलं, "ताई, तुमच्याकडे पंचांग मानत नाहीत, तुमचा यात प्रश्नच नाही." त्या हसल्या आणि कप धुवायला घेऊन गेल्या. माणूस चांगलं आहे, पण आपल्या गोष्टी त्यांना काय ठाऊक.

हे तुम्हाला का लिहितो? हिशेब समजावा म्हणून. तुम्हाला वाटतं बाळ आज-उद्या येणार, तेव्हा दत्ताराम घाबरून वाकेल. माझ्याकडे अख्खा महिना जास्तीचा आहे, देवाने फुकट दिलेला. सौदा करताना ज्याच्याकडे वेळ असतो तो जिंकतो. मी थांबू शकतो. बघू, तुम्ही किती थांबता.

अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं असतं. सुगंधाने अनारशांचे तांदूळ भिजत घातले आहेत. तेहतीस करणार. मी विचारलं, खाणार कोण. नलिनी म्हणाली, "येईल तो खाईल, नाही आला तर मी आहे."

आजचा पारा किती चढला ठाऊक नाही, पण गॅलरीतल्या लाद्यांवर ती अनवाणी नाचत नाचत टबापर्यंत जाते. नाचत म्हणजे त्या पोटाने जेवढं जमतं तेवढं. वाळ्याचं पाणी पिते, टॉवेल ओला करून डोक्यावर टाकते, आणि रेडिओवर गाणं लागलं की टबातल्या पायांनी ठेका धरते. मी शेडवर जायला निघालो की माझ्या पँटवर पाणी उडतं. मुद्दाम उडवते. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे दिली तेव्हापासून तिला असं पाणी उडवताना मी पाहिलं नव्हतं.

दत्ताराम राऊळ


२८ मे १९८८

श्री. परब,

आज शनिवार, शेड अर्धा दिवस. दुपारभर गच्चीवर होतो.

कुरडया घातल्या आहेत. पहाटे सुगंधा आणि विंगमधल्या दोन बायकांनी चीक शिजवला, नलिनीने साच्याने पाडल्या. वाकता येत नाही म्हणून तिला पाट दिला, पाटावर उशी दिली, तरी प्रत्येक कुरडई हसत हसत वाकडी पडली. नंतर छत्री उघडून, हातात काठी घेऊन ती कावळे राखत बसली. कावळे येत होते, ती काठी उचलत नव्हती. ओला चीक स्वतःच खात होती. मी म्हटलं, "कावळे बरे तुझ्यापेक्षा." तर म्हणाली, "कावळा एकट्यासाठी खातो, बाबा, आम्ही दोघं आहोत." मग डोंगराकडून एक म्हातारी करवंदं घेऊन आली, पानाच्या द्रोणात. पुढचा अर्धा तास नलिनी करवंदंच खात होती. बोटं काळी, जीभ काळी. जीभ काढून दाखवली मला, आठ वर्षांची असताना दाखवायची तशी.

एक गोष्ट कळवतो, कारण मी लपवाछपवी करत नाही. ऊन उतरल्यावर ती एकदम म्हणाली, "बाबा, तुम्ही घाटकोपरला काय लिहिता?"

मी म्हटलं, "खुशाली."

"कार्बन कॉपीची फाइल कपाटात आहे. मी वाचली."

प्रत्येक पत्राची प्रत ठेवायची ही माझी धंद्यातली सवय. घरात कोणी फाइल उघडेल असं सुचलं नव्हतं.

"मी मजेत आहे हे खरं आहे," ती म्हणाली. "ताडगोळे, टब, कलिंगड, सगळं खरं. एवढी मजा मी कधी केली नाही. पण माझी मजा तुम्ही त्यांना मारायला वापरताय. मला आता कैरी खाताना वाटतं, हे पण जाणार पत्रात."

"मग काय करू? माफी मागू?"

"बाबा, ते जिन्यात बोलले होते. तुम्ही गच्चीवर बोललात."

"फरक काय?"

तिने छत्री मिटली. "तुम्हाला इतकं बारीक ऐकू येतं, आणि हे कळत नाही," म्हणाली आणि काठी टेकत खाली गेली.

गरोदरपणात बायका हळव्या होतात. मी मनावर घेतलं नाही. तुम्हाला कळवलं एवढंच.

संध्याकाळी ती आणि तिची आई बाजारात गेल्या. दर शनिवारी जातात, दोन तास. पाव किलो भेंडी घेऊन येतात, पण नलिनी परत येते तेव्हा वेणीत मोगऱ्याचा गजरा आणि तोंडाला कुल्फीचा वास. म्हणजे बघा, जिने चढते, उतरते, बाजार फिरते. ही काय दहा दिवसांत बाळंत व्हायची बाई आहे?

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी तारीख सांगितली, असं सुगंधा मला म्हणत होती. मी दाढी करत होतो. डॉक्टर लोक तारीख आधीचीच देतात, म्हणजे माणूस घाबरून लवकर नाव नोंदवतो आणि आगाऊ रक्कम भरतो. मी फसणाऱ्यांतला नाही.

दत्ताराम राऊळ


६ जून १९८८

श्री. सीताराम परब,

हे शेवटचं पत्र समजा. पाच पत्रांत तुमचं एक अक्षर नाही. मी आजवर ज्यांच्याशी सौदा केला त्यांतला सगळ्यात चिवट माणूस तुम्ही. संपाच्या काळात तुम्ही लोक इतके दिवस कसे टिकलात ते आता समजतंय.

माझी अट साधी आहे. अधिक संपतो चौदा तारखेला. त्याच्या आत नंदकुमारने जेवायला यावं. तुम्हीही या. मी त्या रविवारचं काही काढणार नाही, तुम्हीही काढू नका. शब्द मागे घेणं वगैरे काही नाही. दोन्हीकडून गप्प. आलात तर ठीक. नाही आलात, तर बारसं मुलुंडला होईल आणि पाळण्याच्या दोरीला घाटकोपरचा हात लागणार नाही.

विचार करायला वेळ आहे. बाळाला अजून तीन-चार आठवडे आहेत.

बुधवारी मला निरोप पाठवू नका. शेडमध्ये नव्या प्रेसची ट्रायल आहे, मी दिवसभर मशीनपाशी असेन. दीड वर्ष या प्रेससाठी धडपडलो, तिचा पहिला ठोका मला स्वतःच्या कानाने ऐकायचा आहे.

नलिनी दोन दिवस जरा गप्प आहे. टबात पाय घालून बसते, पण पाणी उडवत नाही. उकाड्याने असेल. काल मी तिच्यासाठी फणस आणला. तीन गरे खाल्ले आणि पुरे म्हणाली. फणसाला नाही म्हणणारी ही पोर नव्हे. विचारलं तर म्हणाली, "पाठ भरून आलीय." सुगंधा आणि द्रौपदीताईंनी एकमेकींकडे पाहिलं. बायकांचं असतं काहीतरी.

दत्ताराम राऊळ


१० जून १९८८

ती. सीतारामभाऊ यांस, दत्तारामचा नमस्कार.

परवा प्रसूतिगृहात आपण दोन तास एका बाकावर बसलो आणि एक वाक्य सोडून काही बोललो नाही. मला समोर बोलायला जमलं नाही. लिहायला जमतं, म्हणून लिहितो. या पत्राची प्रत ठेवलेली नाही.

मी तेव्हा काय करत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या हाताने लिहितो. बुधवारी अकराला नलिनीला कळा सुरू झाल्या. सुगंधाने शेडला फोन केला. फोन टेबलावर वाजत होता आणि मी दहा फुटांवर प्रेसला कान लावून उभा होतो. डाव्या बाजूच्या बेअरिंगमध्ये किंचित खरखर होती, ती मला स्पष्ट ऐकू आली. फोन सात वेळा वाजला म्हणे. सुगंधाने माझा नाद सोडला आणि तुमच्या चाळीखालच्या वाण्याकडे फोन केला.

तुम्ही रात्रभर विक्रोळीच्या गोडाऊनवर वॉचमनची ड्यूटी करून नुकते आडवे झाला होता. तसेच खाकी शर्टात उठलात, विहीणबाईंना घेतलंत, रिक्षा केलीत. मुलुंडला दोन जिने चढलात आणि माझा उंबरा ओलांडलात. मी शब्द मागे घेतलेला नव्हता. तुमच्या कार्डावरची अट तशीच होती. हे मला सुगंधाने सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

माझ्या नर्सिंग होममधली खोली एक जुलैपासून होती. तिथे परवा दुसरी बाई होती. मग द्रौपदीताईंच्या प्रसूतिगृहात नेलंत, जिथे त्यांची ड्यूटी होती. चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. सहा पौंड, केस भरपूर. नंदकुमार ट्रॉम्बेहून साडेचारला पोचला. मी शेडला कुलूप लावून आठ नंबरच्या पान्यासकट घरी आलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि दाराला बाहेरून कडी होती. प्रसूतिगृहाचं विंगमधल्या बायकांनी सांगितलं.

नवजात बाळ पाहून माणसाला काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. मी तिला उचलायला पुढे झालो तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. "आधी हात धुवन येवा. तेलाच्या हातान बाळाक घेवचा नाय." मी नळावर जाऊन हात धुतले. साबण दोनदा लावला. तरी वास होता. तुम्ही बघितलंत, आणि बाळ माझ्या हातात दिलंत.

बाहेर विहीणबाई भेटल्या. मी खाली मान घालून उभा होतो. त्यांनी माझ्यासमोर बोटांच्या पेरांवर महिने मोजून दाखवले, अधिकावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं, आणि हसल्या. मग म्हणाल्या, "तुमची पत्रां ह्यांनी वाचून दाखवली. टब, ताडगोळे, कुरडयो. पोर मजेत आसा म्हणान आमका किती बरां वाटला. पुढचा पत्र कधी येतला म्हणान मी वाट बघी."

सीतारामभाऊ, मी ती पत्रं तुम्हाला टोचावीत म्हणून लिहिली होती. एकेक ओळ घासून धार लावून लिहिली होती. तुमच्या घरात ती खुशालीची पत्रं म्हणून वाचली गेली. बारा तारखेचं पत्र तेवढं तुम्ही त्यांना वाचून दाखवलं नाहीत, स्वतःच्या खिशात ठेवलंत, हेही त्यांनीच सांगितलं. त्यात काय होतं ते त्या मला विचारत होत्या. मी म्हटलं, धंद्याचं होतं.

नंदकुमारबद्दल मी जे लिहिलं ते खोटं ठरलं. त्याने तुमचा शब्द पाळला, माझ्या उंबऱ्याला शिवला नाही. दर शनिवारी मुलुंडच्या बाजारात मात्र उभा राहायचा. गजरा तो आणायचा, कुल्फी तो द्यायचा. सुगंधा पाव किलो भेंडीसाठी दोन तास का लावते हे मी कधी विचारलं नाही. तुम्हालाही ठाऊक होतं, असं आता कळतंय. ठाऊक नव्हतं फक्त मला.

आता मुद्द्याचं. तुम्ही घरी बसलेले नव्हता. त्या रविवारीही नव्हता, हे मला माहीत होतं. मिल गेल्यावर तुम्ही रात्री जागून पोराचं शिक्षण पुरं केलंत, हे लग्न ठरवताना नंदकुमारनेच मला सांगितलं होतं आणि मी त्याचं कौतुक केलं होतं. माहीत असून बोललो. तुम्ही बायकोच्या कानात एक थट्टा केली, ती माझ्यासाठी नव्हती. मी ती उचलली आणि चाळीस माणसांत तुमच्या तोंडावर फेकली. नलिनीने हे मला गच्चीवर सांगितलं होतं. मी म्हटलं, गरोदरपणात हळव्या होतात.

रविवारी संध्याकाळी सहाला त्याच गच्चीवर त्याच चाळीस माणसांना बोलावलं आहे. दोन सोडून सगळे येतात. दोघे गावाला गेलेत, त्यांना कार्ड टाकलं आहे आणि कार्डात शब्द मागे घेतला आहे. बाकीच्यांसमोर तोंडाने घेतो. तुम्ही यायलाच हवं असं नाही. यावंत, अशी माझी इच्छा आहे. अधिक अजून संपलेला नाही. नंदकुमारसाठी पान मांडलेलं असेल. अनारसे तेहतीस होते, आता एकवीस आहेत. बारा नलिनीने खाल्ले, त्यातले चार काल प्रसूतिगृहातल्या खाटेवर बसून, द्रौपदीताईंची पाठ फिरल्यावर.

बारसं घाटकोपरला करा किंवा मुलुंडला, विहीणबाई ठरवतील. दोरी कोणी ओढायची तेही त्याच ठरवतील.

आणि मी पहिल्या पत्रात एक लिहिलं होतं, बाळाचं तोंड पहिल्यांदा कोण बघेल याबद्दल. काल सुगंधाला क्रम विचारला. आधी द्रौपदीताई, मग विहीणबाई, मग सुगंधा, मग तुम्ही, मग नंदकुमार. त्यानंतर नंदकुमार घाईत भाडं द्यायचं विसरला म्हणून त्याचा रिक्षावाला वर आला होता, त्याला विहीणबाईंनी बाळ दाखवलं आणि पेढा दिला. मी सातवा.

तुमचा,
दत्ताराम